पाववाल्याचा खटला

आमच्या गावात पाव भाजणारं एकच घर होतं, आणि ते ख्रिस्तीवाडीच्या टोकाला, खाडीकाठच्या खाजणाकडे उतरणाऱ्या वाटेवर होतं. गाव शिरोड्याच्या दक्षिणेला, आरोंद्याच्या अलीकडे. आज त्या सगळ्या भागाला सिंधुदुर्ग म्हणतात. तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचं शेपूट होतो. आमच्यापुढे तेरेखोलची खाडी आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांचं राज्य. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. नवरा मुंबईला गोदीच्या कचेरीत, इकडे घरात मी आणि सासूबाई.

पाववाला उंच, किडकिडीत, बोलायला लाजणारा माणूस होता. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन यायचा, पाटीवर ओलं फडकं. पाव, जाड सालीचे गोल उंडे आणि बांगडीसारखी कडक कांकणं. आमच्या आळीत त्याच्या हातचं खाणं म्हणजे बाटणं, म्हणून सगळे जण पाव फक्त आजाऱ्यासाठी घेत. आणि प्रत्येक घरात आठवड्यातून एकदोनदा तरी कुणीतरी आजारी पडायचंच. सासूबाई स्वतः चहात बुडवून कांकण खात आणि वर म्हणत, "माजां काय, माका दात नाय म्हणान."

त्याची बायको माझ्याच वयाची. ती पलीकडची, पेडण्याच्या बाजूची. तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी होत, त्यात कुणाला काही वाटत नसे. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ. गोड्या पाण्याची विहीर एकच, देवळाच्या मागे, आणि तिच्या एका अंगाला ख्रिस्ती बायकांनी पाणी काढायचं असा जुना रिवाज. तिथे आमची ओळख झाली. पाणी भरता भरता ती माहेरचं सांगायची, मी शाळेतलं. तिची मुलगी माझ्या वर्गात होती आणि पाढे सगळ्यांच्या आधी पाठ करायची. घरात आणखी एक म्हातारी सासू होती, डोळ्यांनी अधू. ती भट्टीजवळच्या उबेत बसून जपमाळ ओढायची.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात गोव्याच्या सत्याग्रहासाठी माणसं येऊ लागली. घाटावरून, मुंबईहून, कुठून कुठून. आमच्या शाळेत त्यांचा मुक्काम. गावाने तांदूळ दिले, नारळ दिले. पाववाल्याने रोज पाव दिले, पैसे न घेता. सत्याग्रही खाडी ओलांडून गेले आणि पलीकडे गोळ्या चालल्या. काही जण खाटेवरून परत आले, काही आलेच नाहीत. शाळेच्या पडवीत मी स्वतः जखमा धुतल्या आहेत. त्या दिवसांतला गावाचा संताप खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

परत आलेल्यांत तालुक्याच्या गावचा एक तरुण होता. पलीकडच्या शिपायांनी बंदुकीच्या दस्त्याने त्याचा उजवा हात मोडला होता. त्याला पेज भरवायला कुणी नव्हतं, म्हणून ती मी भरवली. हाड जुळलं, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. शिकलेला, वाणी गोड, डोळ्यांत पाणी आणून बोलणारा. पुढे तोच गावोगाव सभा घेऊ लागला.

सरहद्द बंद झाली. माल बंद, माणसं बंद. पाववाल्याच्या बायकोचं माहेर, जे नजरेच्या टप्प्यात होतं, ते परदेश झालं.

दसरा झाल्यावर, बाजाराच्या दिवशी दुपारी, देवळापुढच्या मोकळ्या जागेत त्या तरुणाची सभा ठरली. हेडमास्तरांनी मला मोठ्या मुलींना घेऊन स्वागतगीत म्हणायला पाठवलं होतं. त्यामुळे मी अगदी पुढे, व्यासपीठाच्या कडेला होते. बॅटरीवर चालणारा कर्णा आणला होता. गावाने तो पहिल्यांदाच पाहिला.

सुरुवातीला तो हुतात्म्यांबद्दल बोलला. माणसं रडली, मीही रडले. मग त्याने मोडका हात वर केला आणि म्हणाला, "हा हात मोडणारे पलीकडे आहेत असं तुम्हाला वाटतं? ते तुमच्या गावात आहेत." तिथून भाषणाची दिशाच फिरली. ख्रिस्तीवाडीतली माणसं फिरंग्याची अवलाद आहेत, म्हणाला. बाटग्याला देश नसतो. खाडीकाठी कंदील हलवून हेच लोक पाखल्यांना, म्हणजे पोर्तुगिजांना, खुणा करतात, तुमच्या विहिरीत हेच विष टाकणार आहेत. "आणि तुम्ही त्यांच्या हातचा पाव खाता! ज्या भट्टीत तो भाजतात, त्या भट्टीत एक दिवस तुमची पोरं घालतील. तेव्हा आधी ती भट्टी फोडा." लोक आधी हसले. मग गप्प झाले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या मैदानाने ती उचलली. माझ्या मुलीही टाळ्या वाजवत होत्या. मोठी माणसं वाजवतात म्हणून त्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आळीत पाववाल्याची पाटी कुणीतरी खेचून उलटी केली. चिखलात पडलेले पाव तो फडक्याने पुसत बसला. मी दार उघडलं तेव्हा आळीतली इतर दारं बंद होती. नंतर विहिरीवर ख्रिस्ती बायकांच्या बाजूचा रहाट तोडला. मग एका संध्याकाळी, तो लाकडं आणायला गेला असताना, पाच-सहा जण पहारी घेऊन गेले आणि त्यांनी भट्टी फोडली. म्हातारी आत होती. तिला त्यांनी हात लावला नाही. विटा पडण्याच्या आवाजाने तिला वाटलं भूकंप झाला, आणि "धावा, धावा" म्हणून ती त्यांनाच हाका मारत होती.

पाववाला पोलीस ठाण्यावर गेला. फौजदार घाटावरचा, वयस्क, भला माणूस होता. भट्टी फोडणारे कोण ते म्हातारीला दिसलं नव्हतं आणि शेजाऱ्यांना दिसलं असूनही दिसलं नव्हतं. उरलं भाषण. सगळ्या गावाने ऐकलेलं भाषण. पण फौजदाराने विचारलं की ज्याला त्याला बाजारात तेव्हाच काहीतरी घ्यायचं होतं, किंवा कर्ण्याच्या खरखरीने नीट ऐकूच आलं नव्हतं.

पाववाल्याची बायको माझ्याकडे आली. मागच्या दारी उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बाई, तुमी थंय होतात मां?"

"होतंय."

"सगळां आयकलात?"

"आयकलंय."

तिने मान हलवली आणि निघाली. ती फाटकापर्यंत पोचायच्या आत मी पायांत वहाणा घातल्या आणि तिच्याबरोबर ठाण्यावर गेले.

फौजदाराने मला खुर्ची दिली, तिला दाराजवळच्या बाकावर बसवलं. म्हणाला, "बाई, हे कलम एकशे त्रेपन्न-अ. जाती-धर्मांत वैर पेटवण्याचं. चोरीच्या खटल्यात चोरीचा माल दाखवावा लागतो. इथे माणूस काय बोलला, तोच माल. तेव्हा जसंच्या तसं सांगा. सौम्य करू नका, शिव्या गाळू नका. एक शब्द इकडचा तिकडे झाला की वकील तो खटला पाडतो."

मी सांगू लागले. हवालदार लिहून घेत होता, त्याचा हात सावकाश चालायचा, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदोनदा म्हणावं लागत होतं. फिरंग्याची अवलाद. बाटग्याला देश नसतो. ज्या भट्टीत पाव भाजतात त्या भट्टीत. "पुन्हा सांगा, बाई," हवालदार म्हणायचा, आणि मी पुन्हा सांगायची. वर्गात श्रुतलेखन घालताना मी जसं मोठ्याने, तोडून तोडून बोलत असे, तसाच माझा आवाज लागला होता. बाकाकडे मी बघत नव्हते. शेवटी सही करायला उठले तेव्हा पाहिलं, तिने पदर तोंडावर घेतला होता आणि जमिनीकडे बघत होती.

फौजदाराने निघताना मला सांगितलं होतं, "या कलमाखाली खटला भरायला सरकारची परवानगी लागते. कागद वर पाठवतो. येईल."

घरी सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. "गो, सगळ्या गावान आयकल्यान, नि कोणाकच काय आठवणा नाय. तुकाच बरां आठवता!"

"माका आठवता तां मी सांगलंय."

"नोकरी गेली तर काय खाशीत? पाव?"

त्यांचं भय खोटं नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुली कमी होऊ लागल्या. कुणाच्या पोटात दुखे, कुणाची आजी आजारी. हेडमास्तर शाळेत माझ्याशी कामापुरतं बोलत. आमच्या दारावर कुणीतरी कोळशाने "पाखलीण" लिहिलं. ते पुसताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अक्षर बरां नाय. तुज्या शाळेतलां नसतलां." शिमग्याला नवरा आला. तिसऱ्या दिवशी तो विहिरीवरून आला आणि म्हणाला, "तू केलंस ते चूक असं मी म्हणत नाही. पण तू मला आधी विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस, हेही मला कळतं." एवढं बोलून तो मुंबईला गेला. पुढे कितीतरी काळ तो गावी आला नाही.

परवानगी आली नाही. त्याऐवजी एक साहेब आले. ते जिल्ह्याचे की त्याहून वरचे, हे मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही. तालुक्याच्या डाकबंगल्यात मला बोलावलं होतं. गोरे, चष्मा लावलेले, पुण्याकडची स्वच्छ भाषा. त्यांनी स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला. माझा जबाब त्यांच्यापुढे होता.

"फार व्यवस्थित सांगितलंय तुम्ही," ते म्हणाले. "असा जबाब क्वचित मिळतो. आणि म्हणूनच मी आलो. तुम्हाला तो मागे घेता येईल का?"

"का? खोटं आहे असं वाटतं?"

"खोटं असतं तर अडचण नव्हती. तुम्ही वर्तमानपत्र वाचता?"

"शाळेत येतं ते वाचते."

"मग तुम्हाला माहीत असेल, पोर्तुगालने आपल्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलंय. आता संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांना जागा मिळाली आहे. तिथे ते काय सांगत फिरतात? गोवा भारताकडे गेला तर तिथल्या ख्रिस्ती लोकांचं काही खरं नाही. आपण काय सांगतो? आमच्याकडे लाखो ख्रिस्ती आहेत, ते सुखात आहेत, आमचा कायदा सगळ्यांना सारखा आहे. अशा वेळी गोव्याच्या हद्दीलगतच्या गावात, हात मोडून आलेल्या एका सत्याग्रहीवर, ख्रिस्ती लोकांविरुद्ध चिथावणी दिली म्हणून आपल्याच सरकारने खटला भरायचा? तुमचा हा जबाब इंग्रजीत होऊन परदेशात वाचला जाईल. शब्दन् शब्द."

मी म्हटलं, "म्हणजे तो बोलला हे चालेल, पण तो बोलला असं म्हणणं चालणार नाही?"

ते जरा हसले. "मास्तरीण आहात. वाक्य छान बनवता."

"साहेब, हा गुन्हा आहे की नाही?"

"आहे. पण खटला झाला नाही तर तो एका माणसाचा गुन्हा राहतो. खटला झाला तर देशाचा होतो."

मला ट्रेनिंग कॉलेजातलं आठवलं. आमच्या एका प्राध्यापकांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर दोन तास घेतले होते. मी म्हणाले, "जगातल्या देशांनी जाहीरनामा केला, त्यात भेदभावाची चिथावणी देण्यापासूनसुद्धा माणसाला संरक्षण हवं असं लिहिलंय. आपल्या देशाने त्याला हात वर केला होता. आम्हाला शिकवलंय."

"केला होता, खरंय," साहेब म्हणाले. "हात वर करतात तो दुरून दिसावा म्हणून." मग बहुधा त्यांचं त्यांनाच ते वाक्य आवडलं नसावं. चष्मा काढून ते पुसत बसले. "मला यात आनंद होतोय असं समजू नका. तो पाववाला कसा आहे?"

"भट्टी नाही. पाणी नाही. गिऱ्हाईक नाही."

"काहीतरी मदत करायला सांगतो," ते म्हणाले. ती मदत कधी आली नाही. जबाब मी मागे घेतला नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही. त्याची गरजच नव्हती. परवानगी द्यायची की नाही हे त्यांच्या हातात होतं.

पाववाल्याने भट्टी पुन्हा बांधायचा प्रयत्न केला. चिरे आणायला गाडीवान तयार होईना. माडाची कामं मागितली, कुणी दिली नाहीत. शेवटी तो बायकोच्या भावाकडे, पेडण्याच्या बाजूला जायचं म्हणून निघाला. पीठ आणि थोडी मदत आणतो, म्हणाला. हद्द बंद होती, पण खाडीची वाट त्याला माहीत होती. लोक लपूनछपून जात-येत होते. तो गेला आणि पलीकडच्या पोलिसांनी त्याला पकडलं. भारताचा हेर म्हणून.

ही बातमी आमच्या बाजूला आली तेव्हा देवळापुढे पुन्हा सभा झाली. मोडक्या हाताचा तो तरुण म्हणाला, "मी काय सांगत होतो? गेला की नाही मालकाकडे?" पाववाला पलीकडे तुरुंगात होता हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही टाळ्या पडल्या.

त्या वर्षीच्या थंडीत म्हातारी गेली. तिचा मुलगा कुठे आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाद्री येऊन प्रार्थना करून गेले. वाडीतली थोडी माणसं होती. प्रेताला आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. मचूळ विहिरीचं पाणी आणायला कुणीतरी गेलं. ही गोष्ट माझ्याकडून सासूबाईंना कळली. त्या चुलीपुढून उठल्या, आमची मोठी तांब्याची घागर कमरेवर घेतली आणि भर दुपारी देवळामागच्या विहिरीवर गेल्या. तिथे बसलेल्या दोघा-तिघांनी विचारलं, पाणी कुणाला? सासूबाई म्हणाल्या, "मेल्या माणसाक. तुमका अडवूचां आसल्यास अडवा. पण तुमची आवस मेली की माजी आठवण काढा." कुणी अडवलं नाही. घागर त्यांनी पाववाल्याच्या दारात ठेवली. तो उंबरा त्यांनी आयुष्यात कधी ओलांडला नव्हता, आणि त्या दिवशीही ओलांडला नाही. परत आल्यावर अंगावरून पाणी घेतलं. घागर नंतर तिथून आणली नाही.

पाववाल्याची बायको मुलीला घेऊन मुंबईला निघाली. माझगावात कुणा ओळखीच्यांकडे घरकाम मिळणार होतं. मी गाडीपर्यंत पोचवायला गेले. मुलीच्या हातात मी पाटी-पेन्सिल दिली. गाडी यायला वेळ होता.

ती म्हणाली, "बाई, तुमी खरां बोललात. तुमच्याशिवाय कोण बोलला नाय. पण एक सांगतंय, राग मानू नका."

"सांग."

"त्या माणसाचां भाषण मी आयकूक नाय होतंय. मी भट्टीर होतंय त्या दिसा. ते शब्द माका तुमच्या तोंडातसून आयकूक इले. आता रातीचे आठवतत ते तुमच्याच आवाजात आठवतत."

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, पण दाबला नाही. गाडी आली. मुलीने खिडकीतून मला "येतंय, बाई" म्हटलं, शाळा सुटताना म्हणायची तसं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माझी नोकरी टिकली, मुली हळूहळू परत आल्या, दारावरचा कोळसा धुऊन गेला. खटल्याचे कागद दप्तरी दाखल झाले, असं फौजदाराने बदलीवर जाताना मला घरी येऊन सांगितलं. "बाई, माझ्या नोकरीत एवढा चांगला जबाब मिळाला नव्हता," असंही म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा सुटला. खाडीकाठी आम्ही सगळे उभे होतो. वाजंत्री, गुलाल, पेढे. मोडक्या हाताच्या त्या माणसाला लोकांनी खांद्यावर घेऊन फिरवलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरंच होतं, आणि माझ्याही.

त्यानंतर काही आठवड्यांनी पाववाला परत आला. एवढी वर्षं तो जिवंत आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. चालत आला. पुढचे दात नव्हते, केस पांढरे झाले होते, एक पाय ओढत होता. सरळ आपल्या घराकडे गेला. तिथे घर म्हणजे चार भिंती आणि आत वाढलेली घाणेरीची झुडपं.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. पोर्तुगिजांच्या तुरुंगातून सुटलेल्यांचे तेव्हा ठिकठिकाणी सत्कार होत होते. आमच्या गावात तसा एकही नव्हता. कुणाच्या तरी डोक्यात आलं की पाववाला आहेच की. भारताचा हेर म्हणून त्यांनी धरला होता, म्हणजे तो देशासाठीच गेला. प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या पटांगणात त्याला बसवलं. हार घालायला बोलावलं होतं मोडक्या हाताच्या पुढाऱ्याला. आता तो पुढारी झाला होता. त्याने डाव्या हाताने हार घातला आणि भाषण केलं. "फिरंग्याच्या कोठडीत ज्याने तारुण्य जाळलं, त्या आपल्या ख्रिस्ती बांधवाला..." असं काहीतरी. तेच मैदान नव्हतं, पण माणसं तीच होती, आणि टाळ्याही तशाच.

पाववाल्याला बोलायला सांगितलं. तो उठला. हार काढून खुर्चीवर ठेवला. कर्ण्यापुढे कसं बोलायचं त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो आम्हा लोकांकडे बघून साध्या आवाजात म्हणाला, "माजी बायल खंय आसा, कोणाक ठावक आसा?"

मी मागून म्हणाले, "माका ठावक आसा."

तो खाली उतरून माझ्याकडे आला. सत्कार तिथेच संपला. मी त्याला माझगावचा ठिकाणा सांगितला, आईची बातमीही सांगितली. ती ऐकून तो थोडा वेळ शाळेच्या पायरीवर बसला. आमच्याकडे जेवला. सासूबाईंनी त्याला घरात, आमच्या पंगतीत वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो गेला. मुंबईत त्यांची गाठ पडली, हे मला नंतर नवऱ्याकडून कळलं. तो एका बेकरीत कामाला लागला आणि फार जगला नाही. मुलगी नर्स झाली. बायको मला पुन्हा भेटली नाही. मी मुंबईला दोनदा गेले तेव्हा तिच्याकडे जावं असं मनात होतं. पण मला पाहून, माझा आवाज ऐकून तिला काय होईल, या विचाराने गेले नाही.

साठीच्या दशकाच्या शेवटी मी हेडमास्तरीण होते. एकदा वर्तमानपत्रात आतल्या पानावर लहानशी बातमी आली. वंशद्वेषाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने स्वीकारला होता. वंशाच्या, वर्णाच्या, जन्माच्या नावाने माणसांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या भाषणाला प्रत्येक देशाने कायद्याने शिक्षा द्यायची, असं त्यात होतं. खाली एक ओळ होती: करारावरून वाद झाला तर आमच्या संमतीशिवाय तो हेगच्या न्यायालयात नेता येणार नाही, ही अट घालून भारताने तो स्वीकारला आहे. शिक्षकांच्या खोलीत मी ती बातमी मोठ्याने वाचली. तरुण शिक्षक म्हणाले, चांगलं झालं. मीही म्हटलं, चांगलं झालं. तसं मला खरंच वाटत होतं. कायदा कागदावर असणं आणि नसणं यात फरक आहे, हे मला शिकवायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. पण त्या कागदावर कुणीतरी परवानगीची सही करावी लागते, हेही मला माहीत होतं.

त्याच सुमारास एका सभेसाठी शाळेचं पटांगण मागायला तीन-चार जण आले. आमच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या मुसलमानांची वस्ती होती. पाकिस्तानशी लढाई होऊन काही वर्षं झाली होती, आणि त्या वस्तीबद्दल गावात जे बोललं जाऊ लागलं होतं, ते मला पूर्वी ऐकल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं, "सभा कशासाठी?"

"देशप्रेमासाठी, बाई," त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला. "तुम्ही नाही म्हणणार का?"

"पटांगण मुलांचं आहे. मिळणार नाही."

"वरून परवानगी आणली तर?"

"आणा. पण माझ्या सहीने मिळणार नाही."

त्यांनी परवानगी आणली नाही, तिची गरज पडली नाही. सभा दुसरीकडे झाली. त्या रात्री वस्तीतल्या दोन होड्या जाळल्या गेल्या. पोलिसांनी पंचनामा केला. महिनाभरात माझी लांब तळेऱ्याला बदली झाली. कारण दिलं होतं प्रशासकीय सोय.

सासूबाई तेव्हा फार थकल्या होत्या. त्यांना घेऊन मी गाडीत बसले. तळेऱ्याच्या नाक्यावर देवगडचा आणि विजयदुर्गचा रस्ता फुटतो तिथे, एका दुकानाच्या मागे, दोन खोल्या मिळाल्या होत्या. सामान उतरवून झालं तेव्हा दुपार झाली होती. मी चूल पेटवली आणि भात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या शाळेत हजर व्हायचं होतं.